उभ्या गाडीतली कादंबरी

कादंबरीचा शेवट सुचत नसेल तर लेखकाने एकट्याने लांब फिरायला जावं, असा सल्ला लिहायला शिकवणारी झाडून सगळी मंडळी देतात. या मंडळींच्या घरात दात येणारं मूल नसावं. भोपूच्या आईच्या बाबतीत लांब म्हणजे स्वयंपाकघरातून बाल्कनीपर्यंत, आणि एकटं म्हणजे भोपूला कडेवर घेऊन. एवढ्या प्रवासात शेवट सुचणं दूरच, सुरुवात काय केली होती तेही विसरायला व्हायचं.

भोपूचं खरं नाव चांगलं चार अक्षरी होतं आणि ते दवाखान्याच्या कार्डावर सुवाच्य लिहिलेलं होतं. पण ती रडायला लागली की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घेत, त्यामुळे ते नाव कार्डावरच राहिलं. लेकीचं नाव मागे पडलं तसं आईचंही पडलं. अख्ख्या इमारतीत ती भोपूची आई होती. फक्त एका ठिकाणी तिचं स्वतःचं नाव ठसठशीत अक्षरांत झळकत होतं. माणसं आपलं पुस्तक आपणच प्रकाशित करतात अशा एका संकेतस्थळावरच्या पानावर. त्या पानावर मुखपृष्ठ होतं, कथेची ओढ लावणाऱ्या चार ओळी होत्या आणि खाली एक तारीख होती. सगळा घोळ त्या तारखेने घातला.

स्वतंत्र लेखक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाऱ्यावर केस उडवत उभी असलेली कुणीतरी व्यक्ती येते. प्रत्यक्षात स्वतंत्र लेखक म्हणजे एक संपूर्ण कचेरी असते आणि तिच्यात माणूस एकच. लेखक तोच, संपादक तोच, मुखपृष्ठवाला तोच, जाहिरातखातं तोच, आणि सगळे घरी गेल्यावर दिवे बंद करणारा शिपाईही तोच. भोपूची आई ही कचेरी भोपूच्या दुपारच्या झोपेत चालवत असे. झोप मोठी गोड आणि लांब होती. त्या झोपेच्या जोरावर कादंबरीची सगळी प्रकरणं उभी राहिली, तपासून झाली, फक्त शेवटचं राहिलं. संकेतस्थळाने विचारलं, प्रकाशनाची तारीख काय लिहू? तिने आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. भोपू दोन्ही मुठी डोक्यावर घेऊन झोपली होती, एखाद्या कुस्ती जिंकलेल्या पैलवानासारखी. तिने पुढच्याच महिन्यातली तारीख टाकून दिली. मग संकेतस्थळाने अत्यंत नम्रपणे कळवलं की आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत अंतिम प्रत चढवली नाही, तर ज्यांनी आगाऊ मागणी नोंदवली असेल त्या सगळ्यांची मागणी रद्द होईल, त्यांना तसं कळवलं जाईल, आणि वर्षभर अशी घोषणा करायला आपल्याला बंदी राहील. तिने 'मान्य' दाबलं. 'मान्य' दाबताना माणूस जितका निश्चिंत असतो तितका एरवी आयुष्यात क्वचितच असतो.

मागण्या आल्या. कॉलेजातल्या मैत्रिणीची आली, ऑफिसातल्या दोघींची आली, नवऱ्याच्या दोन वेगवेगळ्या फोनवरून दोन आल्या. आणि काही चक्क अनोळखी माणसांच्या आल्या. या अनोळखी माणसांनी तिची झोप उडवली. ओळखीच्यांची काहीतरी समजूत घालता येते. पण कुठल्यातरी गावात बसलेल्या, कधी न पाहिलेल्या बाईला काय सांगणार, की बाई गं, माझ्या मुलीला दात येताहेत?

कारण तारीख टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी भोपूला दात यायला लागले आणि ती गोड, लांब झोप गेली ती गेलीच. भोपू खांद्यावर झोपे, खाली ठेवलं की जागी होई. बाबाकडे जात नसे. आई दिसत असेपर्यंत सगळं जग तिला आवडे, आई दिसेनाशी झाली की जगाला कळवलं जाई. त्यातून बाळंतपणाची रजा संपत आलेली. एकदा ऑफिस सुरू झालं की चोरायला तासच उरणार नव्हते. म्हणजे शेवट व्हायचा तर आत्ता, नाहीतर ती कादंबरी त्या लॅपटॉपमध्येच म्हातारी होणार होती.

कादंबरीची नायिका कुलूपवाली होती. किल्ल्या हरवलेल्या गावभरच्या लोकांची दारं उघडून देणारी, एका केसाच्या पिनेने कुठलंही कुलूप बोलतं करणारी. शेवटच्या प्रकरणात ती आपल्या थोरल्या बहिणीच्या दारात येते. दोघी कित्येक वर्षं बोललेल्या नाहीत. कुलूप साधं आहे, पिन हातात आहे. इथे भोपूला दात आले. तेव्हापासून ती बिचारी पिन हातात धरून दारात उभी होती.

अशा परिस्थितीत एक दिवस मंडळी लस टोचून घरी परतली. इमारतीच्या खाली, खांबांमधल्या आपल्या जागेत नवऱ्याने गाडी लावली आणि काचेवर धूळ बसली होती म्हणून पाणी उडवून वायपर सुरू केले. मागच्या सीटवर, आपल्या पट्ट्यांच्या खुर्चीत, भोपूने टोचलेल्या मांडीबद्दल एक लांबलचक तक्रार चालवली होती. वायपर हलला. भोपू थांबली. वायपर डावीकडून उजवीकडे गेला, भोपूची बुबुळं त्याच्यामागे गेली. तो परत आला, तीही परत आली. थोड्याच फेऱ्यांत पापण्या जड झाल्या आणि मान कलंडली. नवऱ्याने वायपर बंद केला, भोपूने डोळे उघडले. चालू केला, मिटले. विजेचा शोध लावणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं असेल ते त्या नवरा-बायकोच्या चेहऱ्यावर उमटलं.

दुसऱ्या दिवशीपासून कचेरी गाडीत हलली. नवरा ऑफिसच्या बसने जाई, गाडी दिवसभर खाली उभीच असे. भोपूची आई दुपारी लॅपटॉप, दुपटं, पाण्याची बाटली, हिरड्या शिवशिवल्या की चावायची रबराची अंगठी आणि भोपू असा संसार घेऊन खाली उतरे. खिडक्या अर्ध्या उघड्या, इंजिन बंद, फक्त किल्ली फिरवून वायपर चालू. भोपू मागे झोपे, आई पुढच्या सीटवर मांडी घालून लिही. जागा सावलीची होती, वारा होता, दाराला कडी होती. असं लेखनगृह भल्याभल्यांना मिळालं नसेल.

दोष दोनच निघाले. एक म्हणजे कोरड्या काचेवर वायपर कुरकुरत असे, आणि तो आवाज खांबांमधून घुमत चौथ्या मजल्यापर्यंत जाई. दुसरा दोष वाङ्मयीन होता. वायपरच्या ठेक्यात लिहून लिहून तिची सगळी वाक्यं एका मापाची व्हायला लागली. 'ती थांबली. ती वळली. तिने पाहिलं. ती थांबली.' नायिका दारासमोर डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे येरझारा घालायला लागली. संध्याकाळी ते सगळं खोडून टाकावं लागे. लिहायचं वायपर चालू असताना आणि खोडायचं बंद असताना, अशी शेवटी कामाची वाटणी ठरली.

एव्हाना इमारत जागी झाली होती. सल्ले सुरू झाले. एकांनी सांगितलं, काचेवर पाणी मारत जा, कुरकुर थांबेल. पाणी मारलं, कुरकुर थांबली आणि भोपू उठली. तिला ती कुरकुरच हवी होती. वरच्या मजल्यावरच्या संगणकवाल्याने वायपर फोनवर चित्रित करून दिला आणि आता घरबसल्या काम होईल असं सांगितलं. भोपूने तो फोन काही क्षण पाहिला, चाटला आणि मग आपल्याला फसवण्यात आल्याचं सगळ्यांना ऐकवलं.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र या प्रकरणाच्या मुळाशी जायचं ठरवलं. धडधाकट बाई, घर सोडून, मूल घेऊन, रोज गाडीत जाऊन बसते, याचा अर्थ एकच होतो असं त्यांचं मत होतं. त्या गाडीच्या खिडकीशी येऊन वाकत आणि हळू आवाजात विचारत, आज जेवलीस ना? रात्री वर जातेस ना? ती सांगे, काकू, मी कादंबरी लिहितेय. काकू मान हलवत. बायका असंच काहीतरी सांगतात, हे त्यांना ठाऊक होतं. नवरा संध्याकाळी बसमधून उतरला की त्या त्याच्याकडे अशा पाहत की तो बिचारा काहीही न करता खाली मान घालून जिना चढे. खाली मान घालून गेला, ही बातमी पुढच्या मजल्यावर त्याच्या आधी पोचे.

ही बातमी फोनवरून सासूबाईंपर्यंतही पोचली. त्या बॅग घेऊन दाखल झाल्या. लेकाला एका खोलीत नेऊन विचारलं, सुनेला दुसऱ्या खोलीत नेऊन विचारलं. भांडण कुठेच सापडलं नाही. समेट घडवायची सगळी तयारी करून आलेल्या माणसाचा यात किती हिरमोड होतो, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. पण आल्याच आहेत तर दुपारी त्याही खाली येऊन मागच्या सीटवर, भोपूच्या शेजारी बसायला लागल्या. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या की गाडीत बसून बसून पाय आखडतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी उशी आणली. तिसऱ्या दिवशी हुकूम सोडला, काय लिहिलंयस ते वाच.

सुनेने हळू आवाजात, भोपूला जाग येणार नाही अशा बेताने, शेवटचं प्रकरण जिथवर झालं होतं तिथवर वाचलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं. नायिकेला सासू कशी नाही, एवढं एकदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "अगं, तिला आत तरी जाऊ दे. किती वेळ उभी करशील दारात, पाय दुखले असतील तिचे."

"जाऊ देते, आई. पण ती कुलूप उघडून गेली तर ती चोर ठरते. आणि न उघडता परत गेली तर एवढी कादंबरी कशाला लिहिली?"

सासूबाईंनी यावर बराच विचार केला आणि सांगितलं की मग बहिणीला बाजारातून परत येताना दाखव. सुनेने लॅपटॉपवरून हात काढून घेतला आणि खिडकीबाहेर पाहिलं. लेखनकलेतल्या सगळ्यात अवघड प्रश्नावर बाजार हे उत्तर मिळालं की लेखकाला जे होतं ते तिला झालं.

त्याच वेळी खिडकीबाहेर सेक्रेटरी उभे होते. इमारतीचे सेक्रेटरी हे अत्यंत न्यायी गृहस्थ होते. त्यांना कुणाचाही त्रास होत नसे, त्यांना फक्त नियमांचा त्रास होई. ते म्हणाले की वहिनी, माझी काही हरकत नाही, पण खालची जागा वाहनं उभी करण्यासाठी आहे, आणि तुमचं वाहन उभं आहे की चालू आहे हे ठरवावं लागेल. चाकं पाहिली तर उभं आहे, वायपर पाहिला तर चालू आहे. तेव्हा उभ्या वाहनात वायपर चालवायच्या परवानगीसाठी एक साधा अर्ज द्या.

तिने अर्ज दिला. त्यात कारण लिहिलं, 'लेखन'. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी पुन्हा आले. लेखन म्हणजे पत्रं वगैरे का? नाही, कादंबरी. मग ती विकणार का? हो, विकणार. सेक्रेटरींच्या कपाळावर आठ्या जमल्या. विकणार म्हणजे व्यवसाय, आणि व्यवसाय म्हणजे निवासी जागेचा व्यावसायिक वापर. त्याला समितीची पाहणी लागते, शेजाऱ्यांची संमती लागते आणि आग विझवायचं नळकांडं लागतं. कादंबरीला आग कशी लागेल, असं तिने विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, नियमात कादंबरीचा वेगळा उल्लेख नाही, त्यामुळे तिला बेकरीचे नियम लागू होतील.

समिती बसली. समितीत न्यायालयातले एक निवृत्त कारकून होते, त्यांनी सुचवलं की निर्णय होईस्तोवर 'जैसे थे' ठेवावं. सगळ्यांना हे पसंत पडलं. ठराव झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की 'जैसे थे' म्हणजे नेमकं कसे? कारकुनांनी खिडकीतून कान दिला. ठरावाच्या वेळी वायपर कुरकुरत होता. तेव्हा तो तसाच चालू राहावा, बंद केल्यास ठरावाचा भंग होईल, असा खुलासा त्यांनी जोडला. भोपूच्या आईला मागितलेल्या परवानगीपेक्षा जास्तच मिळालं. फक्त बॅटरीला हा ठराव कुणी समजावून सांगितला नाही.

पण खरा घाव पुढेच होता. दोन दिवसांनी सेक्रेटरी हसतमुखाने आले. म्हणाले, वहिनी, काळजी मिटली, अर्ज निकालात काढला. काल जिन्यात तुमचे साहेब भेटले होते, त्यांनी सगळा उलगडा केला. "म्हणाले, छंद आहे हो तिचा, घरात वेळ जात नाही म्हणून. छंदाला कसली आलीय परवानगी? चालू द्या तुमचं."

खरं तर इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. परवानगी नको, पाहणी नको, नळकांडं नको. नुसतं हसायचं, मान डोलवायची आणि वायपर चालू करायचा. तारीख तोंडावर आली होती. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण तिच्या डोक्यात ते एक वाक्य वायपरसारखं डावीकडून उजवीकडे फिरत राहिलं. वेळ जात नाही म्हणून. जिला नहायला वेळ मिळत नव्हता, जी एका हाताने भोपूला थोपटत दुसऱ्या हाताच्या एका बोटाने पानंच्या पानं टाइप करत आली होती, तिचा वेळ जात नव्हता. त्या अनोळखी माणसांनी जिच्या शेवटाची वाट पाहायचं कबूल केलं होतं, ती कादंबरी छंद होती.

"छंद नाही तो," ती म्हणाली. "काम आहे माझं. अर्ज पुन्हा विचारात घ्या."

सेक्रेटरींनी तिला दोनदा विचारलं. मागच्या सीटवरून सासूबाईंनी तिची बाही ओढून पाहिली. ती हलली नाही. तेव्हा सेक्रेटरींनी जड मनाने अर्ज पुन्हा जिवंत केला आणि समितीच्या पाहणीचा दिवस नेमला. तो दिवस कुठला असणार? प्रत चढवायचा शेवटचा.

त्या संध्याकाळी नवरा घरी आला आणि त्याने विचारलं, माझे मोजे कुठे आहेत? तिने उत्तर दिलं नाही. त्याला वाटलं ऐकू गेलं नाही. मग त्याला सासूबाईंकडून, म्हणजे त्याच्या आईकडून, सगळं कळलं. तो म्हणाला, अगं, तुझं काम सोपं व्हावं म्हणून बोललो. ती म्हणाली, माहीत आहे. त्यानंतर घरात जे बोलणं झालं ते भोपूमार्फत झालं. बाबांना सांग चहा निवतोय. आईला सांग घेतला. अशा रीतीने पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी महिनाभर पसरवलेली बातमी अखेर खरी झाली. काकूंना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. सासूबाईंना मात्र हातात काम मिळाल्याने थोडी तरतरी आली, पण तीही टिकली नाही. कारण समेट घडवायचा तर दोघांपैकी कुणीतरी ओरडावं लागतं. इथे दोघंही अत्यंत नम्रपणे वागत होते.

शेवटचा दिवस उजाडला. कुलूपवाली अजून दारातच होती. भोपूच्या आईने सकाळपासून तीन शेवट लिहिले आणि तिन्ही पुसले. एकात नायिका कुलूप उघडते, एकात परत जाते, आणि एकात, लेखिकेचा धीर इतका सुटला होता, की बहीण खरंच बाजारातून येते. दुपारी ती भोपूला घेऊन खाली आली, किल्ली फिरवली. वायपर निघाला. पण आज त्याच्या चालीत काही दम नव्हता. तो जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा एकेक फेरी करायला लागला, मधेच थबकला, पुन्हा निघाला. भोपूने कसेबसे डोळे मिटले. आईने चौथा शेवट सुरू केला. दुपार उतरणीला लागली, चार ओळी झाल्या, आणि वायपर काचेच्या बरोबर मधोमध उभा राहिला. पुन्हा किल्ली फिरवली तर आतून नुसतं टक् झालं. बॅटरी गेली होती.

भोपू उठली आणि तिने आपलं नाव सार्थ केलं.

सासूबाईंनी टाळ्या वाजवून पाहिल्या, पदर हलवून पाहिला, शेवटी आपला हातच पुढे धरून वायपरसारखा फिरवला. भोपूला हात दिसत होता, आवाज नव्हता. आवाज आणि हालचाल दोन्ही हवं होतं, आणि तेही काचेवर, आपल्या जागी. भोपूची आई एका हाताने तिला थोपटत दुसऱ्या हाताने लिहायला बघत होती, पण त्या आवाजात नायिकेलाच काही ऐकू येत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि फोन काढून लेकाला लावला. काय सांगितलं ते भोपूच्या आवाजात कळलं नाही. एवढंच ऐकू आलं, "बस कशाला, रिक्षा कर."

तो आला तेव्हा साडेपाच होत आले होते. आता, या नवऱ्याला दारं उघडायची एक खास पद्धत होती. न्हाणीघर असो, खोली असो की गाडी, तो दार उघडून मगच आपण आलो आहोत हे सांगत असे, आणि बहुधा मोज्यांबद्दल विचारत असे. त्या दिवशी तो गाडीपाशी आला, थांबला, आणि त्याने बोटाच्या पेराने काचेवर टकटक केलं. बॅटरीशिवाय अर्धी उघडी काच आणखी खाली होत नव्हती. तिने दार थोडंसं उघडलं.

"किती राहिलंय?" त्याने विचारलं.

"शेवटचं पान."

कित्येक दिवसांनी दोघं भोपूला मधे न घेता बोलले होते. तो आणखी काही बोलेल असं तिला वाटलं. त्याने दार हलकेच लावलं, पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, त्याची जाडसर घडी केली आणि गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला. मग हात लांब करून त्याने ती घडी काचेवर दाबली आणि डावीकडून उजवीकडे ओढली. काच कुरकुरली. पुन्हा उजवीकडून डावीकडे. भोपूचा आवाज मधेच तुटला. तिने पुढे पाहिलं. काचेपलीकडे टाय लावलेला एक मोठा वायपर चालला होता.

पण भोपूच्या आईचं लक्ष तिथे नव्हतं. ती मघाशी टकटक झालेल्या काचेकडे पाहत होती. जो माणूस कधी दार वाजवत नाही त्याने वाजवलं, म्हणून तिने उघडलं होतं. मग एकदम तिने लॅपटॉप पुढे ओढला. कुलूपवालीने पिन केसांत खोचली. गावातलं प्रत्येक दार जिने आपल्या हाताने उघडलं होतं, तिने आयुष्यात पहिल्यांदा एका दारावर थाप मारली, आणि वाट पाहत उभी राहिली. पायांचं काय व्हायचं ते होवो. भोपूची आई लिहीत सुटली. वायपरच्या मापाची वाक्यं नव्हती ती. लांब होती, अडखळत होती, मधेच पळत होती.

ठरल्या वेळी समिती खाली आली. पुढे सेक्रेटरी, मागे कारकून, आणि त्यांच्या मागे, समितीत नसूनही, पहिल्या मजल्यावरच्या काकू. गाडीसमोर भरल्या अंगाचा एक माणूस घामाने निथळत कोरडी काच पुसत होता. मग सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि पाहणी सुरू करायची परवानगी मागितली.

"सहानंतर या," नवरा हात न थांबवता म्हणाला. "तिची कामाची वेळ आहे ही."

"पण साहेब, तुम्हीच म्हणाला होता, छंद आहे म्हणून."

"चुकलो मी. तो शब्द मागे घेतो. इतिवृत्तात तसं लिहून घ्या."

गाडीच्या अर्ध्या उघड्या खिडकीतून हे आत गेलं. आत टाइप करणारी बोटं एका अक्षरापुरती थांबली आणि पुन्हा चालू झाली. सेक्रेटरींनी कारकुनांकडे पाहिलं. कारकुनांनी काचेकडे पाहिलं, मधोमध मेलेल्या वायपरकडे पाहिलं, नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं, आणि मत दिलं की 'जैसे थे'चा भंग झालेला दिसत नाही, साधन बदललं आहे एवढंच. सेक्रेटरींनी वहीत काहीतरी लिहिलं. मग समिती खांबाला टेकून सहाची वाट पाहत उभी राहिली. काकूंना गप्प उभं राहवेना. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी नवऱ्याला सांगितलं की डावा कोपरा राहतोय. त्याने डावा कोपरा घेतला.

शेवटचं वाक्य झालं. तिने ते पुन्हा वाचलं नाही, वाचलं असतं तर बदललं असतं. फोनच्या इंटरनेटच्या जोरावर प्रत चढवायला घेतली. एक निळी पट्टी अंगठ्याएवढी झाली, बोटाएवढी झाली, आणि तिथेच रुसून बसली. भोपूच्या आईने फोन खिडकीबाहेर धरला. पट्टी हलली, सरकत सरकत टोकाला भिडली. संकेतस्थळाने अत्यंत नम्रपणे कळवलं की प्रत मिळाली, उद्या पुस्तक वाचकांकडे रवाना होईल. सहाला थोडी मिनिटं बाकी होती.

तिने मान वर केली. मागे वळून पाहिलं तर भोपू झोपलेली नव्हतीच. रबराची अंगठी तोंडात धरून ती बाबाचा हात इकडून तिकडे जाताना बघत होती, आणि तो कोपऱ्यात पोचला की दरवेळी नव्याने हसत होती, अजिबात आवाज न करता. कुणालाच या क्षणी आईकडून काही नको होतं. ना भोपूला, ना समितीला, ना त्या दारातल्या बाईला. असा क्षण तिच्या वाट्याला शेवटचा कधी आला होता, हे तिला आठवेना. तिने लॅपटॉप मिटला, दोन्ही पाय लांब केले आणि मान मागे टेकली. समोर हात चालला होता. शर्टाची बाही वर सरकली होती, वर्तमानपत्राच्या चिंध्या व्हायला आल्या होत्या, आणि त्याने एकदाही आत वाकून विचारलं नव्हतं की झालं का.

मागच्या सीटवरून सासूबाई पुढे वाकल्या. "झालं ना गं? मग सांग की त्याला. हात भरून येईल."

"सांगते, आई. जरा वेळाने."

सासूबाईंनी आपल्या लेकाकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग त्यांनी उशी पाठीशी घेतली आणि मागे टेकल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "राहू दे जरा."